आकडे बरोबर, खोली उलटी

पॉव्ह-रे या त्रिमितीय चित्रं बनवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये दृश्य माउसने ओढून मांडत नाहीत, लिहून काढतात. कॅमेरा कुठे, दिवा कुठे, गोल केवढा, सगळं मजकुरात. म्हणून आकडे देणाऱ्याने अक्षांच्या दिशा सांगायलाच हव्यात. मला त्या सांगितल्या नाहीत आणि खापर माझ्यावर फोडलं.

अंतर्गत सजावटीच्या एका कार्यालयाने खोलीचे आकडे पाठवले: भिंती, टेबल, काचेचा गोल, उजव्या भिंतीत दार, कॅमेऱ्याची जागासुद्धा. सगळं त्यांच्या प्रोग्रॅममधून काढलेलं. मी आधीच लेखी विचारलं होतं, 'वर कुठला अक्ष? झेड पुढे की मागे?' उत्तर आलं, 'वाय वर. बाकी आकडे आहेत तसे टाका.' तसेच टाकले. चित्र त्यांनी न तपासता घरमालकापुढे ठेवलं आणि मग फोन आला, "अहो मॅडम, दार डावीकडे आहे! चारचौघांत आमची शोभा केलीत."

रात्री सगळी खोली काढून टाकली. रिकाम्या दृश्यात शून्यबिंदूपासून तीन कांड्या लावल्या: एक्सवर लाल, वायवर हिरवी, झेडवर निळी. कॅमेरा त्यांच्याच जागी. लाल कांडी डावीकडे गेली! त्यांच्या पडद्यावर एक्स उजवीकडे होता. पॉव्ह-रे डाव्या हाताची पद्धत धरतो: एक्स उजवीकडे, वाय वर, झेड पडद्याच्या आत. त्यांचा झेड पाहणाऱ्याकडे येत होता, त्यामुळे त्यांच्या जागी ठेवलेला कॅमेरा इथे उलट्या बाजूने पाहत होता. म्हणजे अख्खी खोली आरशात दिसावी तशी उलटली होती. टेबल आणि गोल दोन्ही बाजूंनी सारखेच, त्यामुळे चुगली केली ती एकट्या दाराने. कॅमेऱ्याच्या 'राइट' दिशेपुढे उणे चिन्ह दिलं आणि दार जागेवर आलं.

हे पुराव्यासकट दाखवलं. उत्तर काय, तर 'हे तुम्हाला आधीच कळायला हवं होतं.' पैसेही कापले. मी विचारलेला प्रश्न त्यांच्याच मेलमध्ये पडून होता, त्याबद्दल अवाक्षर नाही.

तेव्हा कुणाचेही आकडे घेण्याआधी या तीन कांड्यांचं चित्र पाठवा आणि 'बरोबर' असं लेखी घ्या. बाकीच्या चुकाही टाळा: गोल काढणाऱ्या 'स्फिअर'ला त्रिज्या लागते, लोक बिनदिक्कत व्यास पाठवतात. वस्तू आधी फिरवा, मग सरकवा, कारण फिरणं शून्यबिंदूभोवती होतं. सरकवून फिरवलेली खुर्ची भलत्याच कोपऱ्यात जाऊन बसते. कॅमेरा मुळात ४:३ प्रमाण धरतो. चित्र रुंद असेल तर 'राइट'मध्ये रुंदी भागिले उंची लिहा, नाहीतर गोलाचं अंडं होतं. भिंतीतून दार कापताना कापणारा ठोकळा भिंतीच्या दोन्ही बाजूंनी थोडा बाहेर काढा, पृष्ठभाग तंतोतंत जुळले की ठिपके उठतात. काचेत काळे डाग दिसले तर 'मॅक्स ट्रेस लेव्हल' वाढवा, मूळची मर्यादा ५ आहे. फाइलची प्रत ठेवा.

आणि आगाऊ रक्कम हातात पडल्याशिवाय कॅमेऱ्याची ओळसुद्धा लिहू नका.