ग्रानाडाचा सात दिवसांचा प्रवास : आधी हिशेब, मग सामान

आमच्या व्यापारी बांधवांत आता परदेश प्रवास वाढला आहे. माल पाहण्यासाठी जाणे निराळे आणि कुटुंबाला घेऊन इतिहासाचे शहर पाहण्यासाठी जाणे निराळे. पहिल्यात खर्च धंद्याच्या खात्यावर पडतो, दुसऱ्यात घरच्या बचतीवर. म्हणून दुसऱ्या प्रवासाचा हिशेब अधिक काटेकोर हवा. या पाठात आम्ही स्पेनमधील ग्रानाडा हे शहर उदाहरणादाखल घेत आहोत. उर्दू शाळेत शिकलेले वाचक त्यास ग़रनाता या नावाने ओळखतात.

सौद्याचा नियम

जो माल बाजारात कमी, त्याचा सौदा आधी करावा. जो भरपूर, तो मागाहून घेतला तरी चालतो. ग्रानाडात हॉटेले भरपूर आहेत, रेल्वे आहे, बसही आहे. कमी आहे ती एकच वस्तू : अलहम्ब्राच्या नसरी महालांचे तिकीट. या महालांत रोज ठराविक लोकांनाच सोडतात. तिकिटावर नाव आणि प्रवेशाची वेळ असते. वेळ टळली तर महालात प्रवेश मिळत नाही. हंगामात ही तिकिटे पुष्कळ आधीच संपतात. तिकीट सरकारी विक्रीवरूनच घ्यावे, नाव पासपोर्टप्रमाणे लिहावे आणि पासपोर्ट जवळ बाळगावा. केवळ बागा व किल्ला दाखवणारे स्वस्त तिकीटही मिळते. त्यात महाल नाहीत, हे घेण्यापूर्वी वाचावे.

म्हणून आधी अलहम्ब्राची तारीख धरावी आणि तिच्या भोवती बाकीचे दिवस बसवावेत. बहुतेक लोक याच्या उलट करतात. विमान आधी, हॉटेल नंतर आणि तिकीट तेथे गेल्यावर! मग इतका खर्च करून महाल बाहेरूनच पाहून परततात.

मुद्दल कोठे अडकवावे

आता प्रश्न व्हिसाचा. स्पेनसाठी शेंगेन व्हिसा लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान १५ दिवस आधी करावाच लागतो. हंगामात अर्जाची वेळच लवकर मिळत नाही, म्हणून दोन-तीन महिने हाताशी ठेवावेत. जून २०२४ पासून शुल्क प्रौढांना ९० युरो आणि ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ४५ युरो आहे. म्हणजे आईवडील आणि या वयाची दोन मुले मिळून २७० युरो झाले. केंद्राचा आकार वेगळा. व्हिसा नाकारला तर ही रक्कम परत मिळत नाही. ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा सक्तीचा आहे. परतीच्या तारखेनंतर पासपोर्टची मुदत किमान तीन महिने शिल्लक हवी. व्यापाऱ्याने आयकर विवरणपत्रे, बँकेचे उतारे आणि पेढीची नोंदणी व्यवस्थित लावून द्यावी. अर्जाच्या तोंडावर खात्यात एकदम मोठी रक्कम भरणे संशयास कारण ठरते.

व्हिसा आपल्या हातात नाही, म्हणून व्हिसा मिळेपर्यंत मोठी रक्कम मोकळी ठेवावी. हॉटेल रद्द करता येईल असेच घ्यावे. विमानाचे आरक्षण असे असावे की रद्द झाल्यास पैसे परत मिळतील. फक्त अलहम्ब्राच्या तिकिटाची रक्कम बुडीत धरून अडकवावी, कारण ते तिकीट सहसा परत घेत नाहीत. ही रक्कम एकूण खर्चाच्या मानाने अल्प आहे. लहान रकमेचा धोका पत्करून मोठी रक्कम वाचवणे यालाच तिजारत म्हणतात.

एक सूचना आणखी. परदेशी सहलीचे पॅकेज घेतल्यास विकणारा त्यावर टीसीएस कापतो. ही रक्कम बुडत नाही. विवरणपत्रात ती आपल्या आयकरात वळती होते, मात्र तोपर्यंत भांडवल अडकते. दर बदलत असतात, ते आपल्या सीएकडून जाणून घ्यावेत.

सात दिवसांची मांडणी

आठवड्याचा वारही हिशेबात धरावा. रविवारी मोठी दुकाने बहुधा बंद असतात. रोज दुपारी साधारण दोन ते पाच अनेक दुकानेही बंद राहतात. म्हणून गुरुवारी पोहोचणे सोयीचे.

*गुरुवार :* माद्रिदहून वेगवान रेल्वेने साधारण साडेतीन तासांत ग्रानाडा. ही सेवा २०१९ मध्ये सुरू झाली. मालागा विमानतळावरून बसने सुमारे दोन तास लागतात.

*शुक्रवार :* आल्बाइसिन ही टेकडीवरील जुनी वस्ती. अकराव्या शतकातील हमाम पाहावा. सान निकोलासच्या चौकातून समोर अलहम्ब्रा दिसतो. चौकाला लागूनच २००३ मध्ये उघडलेली मशीद आहे. जुमा तेथे होतो.

*शनिवार :* खालचे शहर. १३४९ चा मदरसा, त्यासमोर फर्डिनांड व इसाबेला यांच्या कबरी असलेले शाही चॅपेल, आणि बाजार.

*रविवार :* अलहम्ब्रा. दुकाने बंद, त्यामुळे दिवस वाया जात नाही. शिवाय विमान किंवा रेल्वे चुकली तरी मध्ये दोन दिवस शिल्लक राहतात. बांधकामाची सुरुवात १२३८ ची. सिंहांचे प्रांगण मुहम्मद पाचवा याच्या काळातील. भिंतींवर जागोजागी ‘अल्लाहशिवाय कोणी विजयी नाही’ हे नसरींचे बोधवाक्य कोरलेले आहे. २ जानेवारी १४९२ रोजी अबू अब्दुल्लाह याने हेच शहर स्वाधीन केले.

*सोमवार :* आल्पुहारा डोंगरातील पाम्पानेइरा गाव. तेथे चिंध्यांपासून विणलेल्या जारापा नावाच्या सतरंज्या मिळतात. कापडवाल्याने पाहाव्यात अशाच आहेत.

*मंगळवार :* कुर्तुबा. रेल्वेने जाऊन त्याच दिवशी परत. इमारतीचा आरंभ आठव्या शतकातील, पण १२३६ पासून ते चर्च आहे. आत नमाज पढण्यास परवानगी नाही. हे कुटुंबाला आधीच सांगावे, म्हणजे तेथे वाद होत नाही.

*बुधवार :* परतीचा प्रवास.

एप्रिल-मे किंवा ऑक्टोबर हा काळ उत्तम. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी ३५ अंशांच्या वर उष्मा असतो.

खाणे आणि खरेदी

ग्रानाडात पेयाबरोबर छोटी बशी फुकट देण्याची रीत आहे. त्यात डुकराचे मांस असू शकते, म्हणून विचारून घ्यावे. काल्देरेरिया गल्लीच्या परिसरात मोरोक्कन खाणावळी व चहाची दुकाने आहेत. हलालबद्दल तेथेही विचारावे. रात्रीचे जेवण उशिरा मिळते, मुलांसाठी जवळ काही ठेवावे.

स्पेनमध्ये बहुतेक मालावर २१ टक्के कर किमतीतच धरलेला असतो. १२१ युरोंच्या शालीत २१ युरो कर आहे. परदेशी प्रवाशाला तो परत मिळतो. दुकानात पासपोर्ट दाखवून त्याचा कागद मागावा. युरोपीय संघ सोडताना शेवटच्या विमानतळावर, सामान देण्यापूर्वी, तो प्रमाणित करावा. परतावा करणारी कंपनी आपले कमिशन कापून घेते.

बाजाराचा धडा

शनिवारच्या फेरीत आल्काइसेरिया आणि कोराल देल कार्बोन ही दोन ठिकाणे सावकाश पाहावीत. दुसरे म्हणजे चौदाव्या शतकातील फुंदुक. खाली माल आणि जनावरे, वर व्यापाऱ्यांचा मुक्काम. आल्काइसेरिया ही रेशमाची पेठ होती. रात्री तिचे दरवाजे बंद होत. येथील रेशीम जिनोआचे व्यापारी समुद्रमार्गे नेत. रेशमाचे किडे पाळणारे आणि सूत काढणारे हात बहुतांशी मोरिस्कोंचे होते. बंडानंतर १५७० मध्ये त्यांना ग्रानाडातून हाकलण्यात आले आणि हा धंदा खचला. १८४३ च्या आगीत पेठही जळाली. नंतर ती लहान आकारात पुन्हा बांधली. आज तेथे मुख्यतः प्रवाशांसाठी भेटवस्तू विकतात.

कमानी पुन्हा उभारता आल्या, रेशीम परत आले नाही. कारागीर गेला की पेठेचे फक्त नाव उरते. ज्यांचा धंदा विणकराच्या हातावर चालतो, त्यांनी ही गल्ली मुलांना अवश्य दाखवावी. अलहम्ब्राच्या तिकिटाइतकेच मोल या फेरीचे आहे आणि तिला तिकीट लागत नाही.