पाळीचं दुखणं, कारण गळ्यात

१. थकव्याला आमच्या धर्माबादेत कारणांचा तोटा नाही. ऊन, मिरचीचा खाट, पाहुणेरावळे. दिवसभर मिरचीचे देठ खुडणारी बाई ‘अंग जड पडलंय’ म्हणाली तर तिला कुणी रक्त तपासायला सांगत नाही. पण थकव्याच्या जोडीला केस गळणं, भर वैशाखात पांघरूण लागणं, पोट साफ न होणं, चार घास कमी खाऊनही वजन चढणं आणि पाळी मागेपुढे होणं आलं, तर थायरॉईडसाठी रक्तातलं टीएसएच तपासून घ्यावं. मला हे नांदेडच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. तोवर मूल व्हावं म्हणून नवस, गंडेदोरे सगळं झालं होतं.

२. टीएसएच वाढलं म्हणजे थायरॉईड कमी पडतंय. गळ्यातली ही ग्रंथी मंदावली की मेंदूखालची पिट्युटरी तिला जोर लावायला जास्त टीएसएच सोडते. आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, हे आजतागायत पटलेलं नाही; “वाढलंय तर कमी व्हायची गोळी द्या की,” हे त्यांचं साधं गणित. या ओढाताणीत कधी प्रोलॅक्टिन, म्हणजे अंगावर दूध आणणारं संप्रेरकही वाढतं, आणि महिन्याचं बीज सुटेनासं होतं. पाळी येत राहिली तरी बीज सुटतंयच असं नाही. दिवस राहिले तरी थायरॉईडकडे लक्ष नसेल तर गर्भ पडण्याची भीती जास्त.

३. अंगावरून जास्त जाणं हे बायका ‘बाईच्या जातीचं’ म्हणून काढतात. रक्त कमी होतं, मग लोहाच्या गोळ्या. थायरॉईड कमी पडल्यानंही असं होतं, पण रक्त का जातंय हे कुणी पाहत नाही. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचं प्रकरण गाजलं, सरकारला समिती नेमावी लागली. त्यातल्या कुणाला थायरॉईड होतं असं मी म्हणत नाही. पण पिशवी काढायला सांगितलेल्या प्रत्येक बाईनं “माझं टीएसएच पाहिलं का?” एवढं विचारावं. ही तपासणी काहीशे रुपयांत होते, आणि काढलेली पिशवी परत बसवता येत नाही.

४. थायरॉईडची गोळी, म्हणजे थायरॉक्सिन, उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची. चहा अर्ध्या-पाऊण तासानं. आमच्याकडे डोळे उघडायच्या आधी चहा लागतो, त्यामुळे हेच सर्वांत अवघड. लोह आणि कॅल्शियमची गोळी चार तासांच्या अंतरानं. सगळ्या एकदम गिळल्या तर थायरॉईडची गोळी अंगाला लागत नाही. आयोडीनचं मीठ घरात असावंच, पण गोळी सुरू झाल्यावर मीठ वाढवून काही होत नाही. कारण बऱ्याच जणींत शरीराची प्रतिकारशक्तीच ग्रंथीवर उलटलेली असते.

५. दिवस राहिले की शेजारपाजारच्या बायका पहिला सल्ला देतात: “आता औषधं बंद कर, लेकराला बाधतील.” ही गोळी बंद करायची नाही. उलट ती बहुतेक वेळा वाढवावी लागते, साधारण चौथ्या हिश्श्यानं, डॉक्टरांना विचारून. पहिले तीन महिने बाळाची स्वतःची ग्रंथी कामाला लागलेली नसते. त्याच्या मेंदूची वाढ आईच्या थायरॉक्सिनवर चालते. म्हणून निम्मे दिवस भरेपर्यंत दर चार आठवड्यांनी रक्त तपासायचं. बाळंतपणानंतर गोळी पुन्हा खाली येते, सहा आठवड्यांनी तपासायचं. बाळाच्या टाचेतून रक्त घेऊन त्याचंही टीएसएच करून घ्यावं. मी मागे लागले तेव्हा झालं.

६. मूल न होण्याला थायरॉईड हे एकच कारण नसतं. डॉक्टरीणबाईंनी माझी चिठ्ठी लिहिली त्याच दिवशी ह्यांचीही तपासणी लिहिली. ती आम्ही निजामाबादला केली, नांदेडला नाही. नांदेडच्या दवाखान्यात कुणी ना कुणी पाहुणा भेटतोच. आत्याबाईंना सांगितलं, बासरला देवीच्या दर्शनाला चाललोय.