टेबलावरचा बॉबकॅट

वसई-नालासोपाऱ्याच्या ज्या गल्लीत जेसीबी वळत नाही, तिथे कधीतरी एक बुटकं मशीन जागच्या जागी गिरकी घेताना तुम्ही पाहिलं असेल. पुस्तकी नाव स्किड स्टिअर लोडर. पण वनस्पती तुपाला जसं डालडा, तसं याला सगळे बॉबकॅटच म्हणतात, मग कंपनी कुठलीही असो. 1957 च्या सुमारास अमेरिकेतल्या मिनेसोटात केलर बंधूंनी टर्की पाळणाऱ्या शेतकऱ्याची शेड साफ करायला छोटा तीनचाकी लोडर बनवला, तो याचा पूर्वज.

मागच्या सेमिस्टरला आम्ही चौघांनी मिनी प्रोजेक्टला याचाच लिफ्ट आर्म घेतला. खरं मशीन कुठून आणणार? रूम पार्टनरकडे 1:25 चं डाय-कास्ट मॉडेल होतं. व्हर्निअर लावला, प्रत्येक माप गुणिले 25, झालं डिझाइन! व्हायव्हात सरांनी एवढंच विचारलं, "पिनचा डायमीटर साडेबासष्ट मिलिमीटर? कुठून आणलात?" चौघेही गप्प.

मग हायवेलगतच्या एका साइटवर गेलो. ऑपरेटर काकांनी जेवणाच्या सुट्टीत टेप लावू दिली. "मोजा काय मोजायचं ते, फक्त चावी मागू नका," म्हणाले. मशीन तेच, मॉडेलही त्याचंच. व्हीलबेस 1050 मिमी, मॉडेलवर 42, म्हणजे बरोबर 25 पट. उंची 1975 ला 79, तीही 25 पट. आम्ही खूश. पण टायरची रुंदी 264 ला 11.5, म्हणजे 23 पट. आणि पिन? खरी 38 मिमी, मॉडेलची 2.5. जेमतेम 15 पट!

कारण साधं आहे. खऱ्या आर्मची 10 मिमी प्लेट 1:25 ला 0.4 मिमी होते. एवढी पातळ भिंत ओतणं अवघड, ओतली तरी बोटांत वाकेल. म्हणून मॉडेलवाला भिंती आणि पिना जाड ठेवतो. खेळण्यासाठी ते योग्यच, पण आमचं गणित त्याने बिघडवलं. शिअर स्ट्रेस डायमीटरच्या वर्गावर जातो, त्यामुळे कागदावर तो 2.7 पट कमी दिसत होता. सेफ्टी फॅक्टर 4 म्हणून मिरवलेला, प्रत्यक्षात दीडच्या आसपास.

वजनानेही हेच कळतं. 2700 किलोच्या मशीनला 25 च्या घनाने, म्हणजे 15625 ने भागलं तर 173 ग्रॅम येतात. लॅबच्या काट्यावर मॉडेल भरलं 410 ग्रॅम. "जड म्हणजे अस्सल" असं दुकानदार सांगतो ना, ते विसरा.

हालचाल मात्र नक्की तपासा. स्किड स्टिअरला स्टिअरिंगची चाकं नसतात, डाव्या-उजव्या बाजूच्या वेगातल्या फरकाने तो वळतो. मॉडेलची दोन्हीकडची चाकं एकाच ॲक्सलवर घट्ट बसवलेली असतील तर ते गिरकी घेईल कसं? मग मॉडेल ग्राफ पेपरला टेकवून आर्म हळूहळू उचला आणि बकेटच्या पिनची जागा पेन्सिलने टिपत जा. ठिपके वर्तुळाच्या कंसावर आले तर रेडियल लिफ्ट, जवळपास सरळ वर गेले तर व्हर्टिकल. खऱ्या मशीनच्या कॅटलॉगशी ताडून बघा. (जेसीबीच्या स्किड स्टिअरला एकाच बाजूला आर्म असतो. त्याच्या मॉडेलला दोन दिसले तर हात जोडून परत करा.)

धातू बहुधा झामॅक असतो, म्हणजे झिंकमध्ये सुमारे 4 टक्के ॲल्युमिनियम. साधारण 385 अंशांना वितळतो, म्हणून छोट्या गाळ्यातही ओतता येतो. पार्टिंग लाइन रंगाखालूनही बोटाला लागत असेल तर फिनिशिंग कच्चं समजा. खरी भीती शिशाची. टनामागे 50 ग्रॅमच्या वर शिसं गेलं की दमट हवेत धातू आतून फुगतो, तडकतो. जुनी मॉडेल्स जमवणारे याला झिंकची कीड म्हणतात, आणि आपल्या वसईच्या पावसाळ्यात दमटपणाला काय तोटा!

रिपोर्ट आम्ही पुन्हा लिहिला. पिव्हटच्या जागा मॉडेलवरून घेतलेल्याच ठेवल्या, साइटवरच्या मापांशी त्या 2 टक्क्यांच्या आत जुळल्या. पिना, बुश आणि प्लेटची जाडी मात्र काकांच्या मशीनवरून घेतली. सरांनी सही केली, आणि मॉडेल आठवडाभरासाठी घरी नेलं. अजून परत आलेलं नाही.