मांजराचे जुनाट पोटाचे दुखणे : आहार कसा निवडावा?

आपल्या घरात मांजर केवळ हौसेखातर पाळलेले नसते. भाताची कणगी, शेंगांची पोती आणि पेरणीसाठी राखून ठेवलेले बियाणे उंदरांपासून राखण्याचे काम ते बिनपगारी करते. असे मांजर हगवणीने किंवा ओकाऱ्यांनी महिनोन्महिने खंगू लागले की पुष्कळ घरांत दोनच उपाय सुचतात. एक म्हणजे त्याला आणखी दूध पाजणे, आणि दुसरा म्हणजे पोत्यात घालून लांब सोडून येणे. पहिल्या उपायाने दुखणे वाढते. दुसऱ्याने घर राखणदाराला मुकते आणि मुके जनावर हाल होऊन मरते. आहार विचारपूर्वक निवडणे हा तिसरा मार्ग आहे. तो फारसा खर्चाचा नाही, पण त्याला शिस्त लागते. आजच्या पाठात तोच पाहू.

१. जुनाट दुखणे कशाला म्हणावे?

मांजराने एखाद्या दिवशी केसांचा गोळा ओकला किंवा गवत खाऊन उलटी केली, तर ते दुखणे नव्हे. हगवण, वारंवार ओकाऱ्या किंवा बद्धकोष्ठ तीन आठवड्यांहून अधिक टिकले, अथवा बरे होऊन पुनःपुन्हा उलटले, तर त्याला जुनाट म्हणावे. खाणे चांगले असूनही वजन घटणे ही त्याचीच खूण आहे.

वजन नुसत्या डोळ्यांनी कळत नाही. धान्य मोजायच्या काट्यावर टोपलीसह मांजर ठेवावे आणि टोपलीचे वजन वजा करावे. आठवड्यातून एकदा हे वजन वहीत लिहावे. ४ किलोचे मांजर ३ किलो ६०० ग्रॅमवर आले, तर त्याने दहावा हिस्सा गमावला. ६० किलोच्या माणसाचे ६ किलो उतरावे, तसेच ते आहे.

२. मांजराची घडण

कुत्रा आपल्या ताटातले बरेच काही पचवतो. मांजराचे तसे नाही. ते पक्के मांसाहारी आहे. त्याची लाळ पिष्ट पचवीत नाही, आणि आतड्यातही ते पचवण्याची शक्ती बेताचीच असते. थोडा मऊ शिजलेला भात त्याला चालतो, पण पोटभर भात हे त्याचे अन्न नव्हे.

टॉरीन नावाचे एक द्रव्य मांजराला मांसातूनच मिळवावे लागते. ते न मिळाल्यास मांजराच्या डोळ्यांचा पडदा झिजून ते आंधळे होते, हे शास्त्रज्ञांनी १९७५ साली दाखवून दिले. त्याच्याच अभावी हृदय फुगून दुबळे होते, हे १९८७ साली सिद्ध झाले. गाजर-भोपळ्यातील द्रव्यापासून आपले शरीर अ जीवनसत्त्व बनवते; मांजराला तेही जमत नाही. म्हणून भाजीभातावर ठेवलेले मांजर वरून धडधाकट दिसले तरी आतून खचत जाते.

३. दूधभात आणि मासळी

मांजर डोळे मिटून दूध पिते, असे आपण म्हणतो. पिते हे खरे, पण पचवते असे नाही. पिलू आईला पिते तोवर दुधातील साखर पचवणारा रस त्याच्या आतड्यात भरपूर असतो. दूध सुटल्यावर तो कमी होत जातो. न पचलेली साखर मोठ्या आतड्यात आंबते आणि पाणी ओढून घेते. मग वायू आणि पातळ हगवण होते. सगळ्याच मांजरांना दूध बाधते असे नाही. परंतु ज्याचे पोट बिघडले आहे त्याचे दूध प्रथम बंद करावे. पुष्कळ मांजरे एवढ्यानेच सुधारतात. प्यायला स्वच्छ पाणी पुरे.

गोव्याकडे आणि घाटाखाली मांजराला बांगड्या-तारल्यांची डोकी मिळतात. शिजवलेली मासळी अधूनमधून ठीक आहे. पण काही जातींच्या कच्च्या मासळीत ब१ जीवनसत्त्वाचा नाश करणारे द्रव्य असते. तशी मासळी रोज खाल्ल्यास मांजराची भूक जाते, चाल अडखळते आणि मान खाली झुकते. शिजवल्याने ते द्रव्य नष्ट होते. नुसत्या तेलकट मासळीवर ठेवलेल्या मांजराच्या अंगातील चरबी सुजून दुखू लागते. शिवाय अन्नाच्या वावड्यात मासळी, गोमांस आणि कोंबडी हीच नावे पुढे असतात. म्हणजे जे अन्न रोज मिळते, त्याचेच वावडे असण्याचा संभव अधिक.

४. आहार बदलण्यापूर्वी

केवळ आहाराने सर्व दुखणी जात नाहीत. आधी पुढील गोष्टी पाहाव्यात.

(अ) जंत. उंदीर खाणाऱ्या मांजराला जंत असणारच, असे धरून चालावे. पिसवा गिळल्यानेही पट्टकृमी होतो. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात मांजराचे वजन सांगून जंतांचे औषध घ्यावे. शक्य तर ताजी विष्ठा डबीत नेऊन तपासून घ्यावी, कारण काही सूक्ष्म जंतू साध्या जंतांच्या औषधाने मरत नाहीत.

(आ) पिसवा. त्या मारण्यासाठी गुरांच्या गोचिडांचे औषध मांजराला कदापि लावू नये. परमेथ्रिन व त्या कुळातील औषधांनी मांजराला झटके येऊन ते दगावते.

(इ) वय. दहा वर्षांवरील मांजर भरपूर खाऊनही वाळत असेल, तर गळ्यातील थायरॉइड ग्रंथीचा विकार किंवा मूत्रपिंडाचे दुखणे असू शकते. त्याला डॉक्टरांची तपासणीच हवी.

(ई) धोक्याच्या खुणा. काळी किंवा रक्ताळ विष्ठा, पिवळ्या हिरड्या, चोवीस तास काहीही न खाणे, यांपैकी काही दिसले तर घरी प्रयोग करू नये. बोका पुनःपुन्हा कुंथतो आहे आणि काहीच होत नाही, असे दिसल्यास बद्धकोष्ठ समजून थांबू नये. त्याची लघवी अडलेली असू शकते, आणि तसा बोका दोन-तीन दिवसांत मरतो. त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

५. तक्रार ओळखून आहार

विष्ठा पुष्कळ, पातळ, दिवसातून दोन-तीनदाच, आणि वजन घटते आहे : बिघाड बहुधा लहान आतड्यात आहे. येथे सहज पचणारे मांस, थोडे थोडे, दिवसातून चार वेळा द्यावे.

विष्ठा थोडी थोडी, वारंवार, शेंबडासह, कधी ताज्या रक्ताचा थेंब, पण वजन टिकून आहे : बिघाड बहुधा मोठ्या आतड्यात आहे. रक्त दिसल्यास डॉक्टरांना एकदा दाखवावेच. येथे थोडा चोथा उपयोगी पडतो. उकडून कुस्करलेला लाल भोपळा एक चमचा, किंवा भिजवलेला इसबगोल पाव चमचा मांसात मिसळावा.

विष्ठा कोरडी आणि खड्यासारखी : आहारात पाणी वाढवावे. कोरड्या दाण्याऐवजी ओले अन्न द्यावे आणि वरून बिनमिठाचे मांसाचे पाणी घालावे. इसबगोल येथेही चालतो, मात्र भरपूर पाण्याबरोबरच.

खाल्ल्यानंतर वारंवार ओकारी : एका वेळचे खाणे कमी करावे, आणि अन्नाचे वावडे आहे का ते पाहावे. ते पाहण्याची रीत पुढे दिली आहे.

६. पंधरा दिवसांची परीक्षा

अन्नाचे वावडे रक्त तपासून खात्रीने कळत नाही. ते आहारानेच ओळखावे लागते. रीत सोपी आहे. मांजराने आजवर जे मांस खाल्लेले नाही असे एकच मांस निवडावे, आणि पंधरा दिवस त्याशिवाय दुसरे काहीही देऊ नये.

कोणते मांस निवडावे हे आपल्या स्वयंपाकघरावर ठरते. ज्या घरी रोज मासळी आणि रविवारी कोंबडी असते, तेथे बोकडाचे मांस किंवा पाळीव ससा नवा ठरेल. ज्या घरी डुकराचे मांस नेहमी शिजते, त्या घरच्या मांजराला ते नवे नव्हे. बदक किंवा पाळीव लाव्ही मिळत असतील तर तीही चालतील. घरी नेहमी काय शिजते आणि मांजराला काय टाकले जाते, याची यादी आधी घरच्या बायामाणसांना विचारून करावी. पुरुषांना ती बहुधा ठाऊक नसते.

मांसाची चरबी व हाडे काढून ते पाण्यात शिजवावे. मीठ, मसाला, तेल, कांदा, लसूण घालू नये. शिजवलेले पाणी फेकू नये, कारण टॉरीन पाण्यात उतरते; ते मांसाबरोबरच द्यावे. ४ किलोच्या मांजराला दिवसाला साधारण २०० ते २५० कॅलरी लागतात. शिजवलेले बिनहाडाचे मांस सुमारे १२५ ते १५० ग्रॅम दिले की तेवढ्या मिळतात. जुन्या अन्नात नवे मिसळून तीन-चार दिवसांत पालट करावा, आणि पंधरा दिवस त्यानंतर मोजावेत.

मांजर या काळात मोकळे सोडू नये. एक उंदीर, शेजारची दूधवाटी किंवा मुलांनी टाकलेले बिस्किट, एवढ्याने परीक्षा वाया जाते. वाळूचे घमेले ठेवून त्याला एका खोलीत ठेवावे आणि घरातील सर्वांना, विशेषतः मुलांना, सांगून ठेवावे. कापणी-मळणीच्या गर्दीत हे साधणार नाही. उपवासकाळात घरी मासळीच अधिक येते, तेव्हाही अवघडच. सवडीचे दिवस पाहून सुरुवात करावी.

वहीत रोज चार गोष्टी लिहाव्यात : किती खाल्ले, किती वेळा ओकले, विष्ठा किती वेळा झाली, आणि ती घट्ट, मऊ की पाण्यासारखी. पोटाच्या तक्रारी अन्नामुळे असतील, तर बहुतेक मांजरांत दोन आठवड्यांच्या आत फरक दिसतो. फरक दिसल्यावर जुने अन्न पुन्हा द्यावे. दुखणे उलटले तर अपराधी सापडला. उलटले नाही, तर सुधारणा दुसऱ्याच कारणाने झाली असे समजावे. ही उलटतपासणी टाळू नये. नाहीतर मांजराला जन्मभर उगाच महागडे मांस घालावे लागेल.

फरक पडला नाही तर दुसरे नवे मांस घेऊन आणखी एकदा पाहावे. तरीही गुण नसेल तर डॉक्टरांकडे जावे आणि वही बरोबर न्यावी. आतड्याला जुनाट सूज असल्यास औषध लागते. अशा मांजरांत ब१२ जीवनसत्त्व पुष्कळदा कमी पडते, आणि ते भरून काढल्याशिवाय चांगला आहारही अंगी लागत नाही.

७. पुढचा कायमचा आहार

नुसते मांस मोठ्या मांजराला पंधरा दिवस, फार तर महिनाभर चालेल. त्यापुढे ते अपुरे आहे. मांसात चुना फारच कमी असतो, म्हणून शरीर आपल्याच हाडांतून तो काढून घेते. वाढत्या पिलाची हाडे अशाने सहज मोडतात. पिलांवर हा प्रयोग करूच नये.

दोन वाटा आहेत. पहिली, बाजारातील मांजरांचे संपूर्ण अन्न घेणे. पाकिटावर ते संपूर्ण आणि समतोल आहे असे लिहिलेले पाहावे, आणि बाधणारे मांस त्यात नाही याची खात्री करावी. प्रथिनांचे बारीक तुकडे करून बनवलेले खास अन्नही शहरात मिळते. ते महाग असते आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावे. दुसरी, घरीच मांस शिजवून त्यात चुना, टॉरीन व जीवनसत्त्वे डॉक्टरांनी सांगितलेल्या मापाने मिसळणे. अंड्याच्या टरफलाची पूड हा चुन्याचा स्वस्त साठा आहे, पण माप विचारूनच घालावे. ज्या घरी फक्त दूधच अपराधी ठरले, तेथे दूध तोडून संपूर्ण अन्न सुरू केले की काम भागते.

८. काय कधीही देऊ नये

कांदा-लसूण मांजराचे रक्त नासवतात. रश्शातील मांस धुऊन घातले तरी ते त्यात मुरलेले असतात. शिजवलेली हाडे चिरफळतात आणि आतडे फाडतात. रोज काळीज घातल्यास अ जीवनसत्त्व अति होऊन मानेची हाडे जुळून येतात. माणसांच्या गोळ्या देऊ नयेत. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेते.

पोट बिघडले म्हणून मांजराला उपाशीही ठेवू नये. उपास माणसासाठी आहेत. मांजर, विशेषतः लठ्ठ मांजर, दोन-तीन दिवस उपाशी राहिले तर त्याच्या यकृतात चरबी साचून ते दगावू शकते. नवे मांस ते खात नसेल तर कोमट करून द्यावे. चोवीस तास तोंड लावले नाही तर हट्ट सोडून जुने अन्न द्यावे आणि सल्ला घ्यावा.

९. घरच्या माणसांची काळजी

हगवण लागलेल्या मांजराची विष्ठा रोजच्या रोज उचलून पुरावी आणि हात साबणाने धुवावेत. गरोदर स्त्रीने हे काम करू नये. कच्चे मांस आणि उंदीर यांतून मांजराला होणारा टोक्सोप्लाझ्मा हा जंतू तिच्या गर्भाला अपाय करतो. हा जंतू विष्ठेत पडल्यावर एक ते पाच दिवसांनी बाधक होतो, म्हणून रोज सफाई केल्यास धोका पुष्कळ कमी होतो. मांजराचे मांस शिजवूनच द्यावे, त्याचे हेही एक कारण.

उजळणीसाठी प्रश्न

१. दूध सुटलेल्या मांजराला दूध का बाधते?
२. लहान आतड्याची आणि मोठ्या आतड्याची हगवण कशी ओळखाल?
३. आपल्या घरच्या मांजराला कोणते मांस ‘नवे’ ठरेल?
४. परीक्षेनंतर जुने अन्न पुन्हा का द्यावयाचे?
५. कुंथणाऱ्या बोक्याला त्याच दिवशी डॉक्टरांकडे का न्यावे?

ज्यांच्या घरी असे मांजर आहे त्यांनी आज दूध बंद करावे, जंतांचे औषध आणावे आणि एक वही घालावी. निम्मे काम तेवढ्यानेच होईल.