विधवेचा व लेकरांचा वाटा

(वाचावयाचा भाग : गणना 27:1–11)

सलाफहाद रानात मरण पावला. त्यास पुत्र नव्हता, म्हणून त्याचे नाव कुळातून नाहीसे होणार होते. परंतु त्याच्या पाच कन्यांनी दर्शनमंडपाच्या दारी सर्व मंडळीदेखत बापाचे वतन मागितले. मोशेने आपल्या मनाने निकाल दिला नाही. त्याने तो वाद परमेश्वरापुढे नेला, आणि मुलींचे म्हणणे रास्त ठरले. ह्यावरून दोन गोष्टी शिकाव्या. आपला हक्क मागणे हे पाप नव्हे; आणि वडिलांची रीत म्हणून ती देवाची आज्ञा ठरत नाही.

तुमसर तालुक्यातील आपल्या बपेऱ्यासारख्या गावी अजून ऐकू येते की, लेक परक्या घरची, विधवेला पोटापुरते द्यावे, आणि तिने पाट लावला की तेही संपले. ख्रिस्ती माणसाविषयी कायदा असा नाही. 1925 च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याप्रमाणे, मृत्युपत्र न करता पुरुष वारला तर त्याच्या मिळकतीचा तिसरा हिस्सा विधवेचा. उरलेले दोन हिस्से सर्व लेकरांचे, पुत्र व कन्या सारखेच. सहा एकर शेत व चार लेकरे असल्यास आईस दोन एकर आणि प्रत्येक लेकरास एक एकर. पुनर्विवाहाने तिचा हिस्सा जात नाही. लेकरू आधी वारले असल्यास त्याचा वाटा त्याच्या लेकरांस मिळतो.

आपल्या शेजारी गोंड बांधवांना हिंदूंचा 1956 चा वारसा कायदा लागू नाही. त्यांच्यात चालरीत पाहतात. तरी 17 जुलै 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने एका गोंड स्त्रीच्या वारसांस तिच्या बापाच्या मिळकतीत सारखा वाटा दिला. स्त्रीस वगळण्याची रीत सिद्ध झाली नव्हती, आणि न्याय समतेच्या बाजूने झाला.

उपदेशक बंधूंनो, शोकाच्या दिवसांत दीर कागद पुढे करतो आणि विधवा न वाचता अंगठा उठवते. तो कागद हक्कसोडपत्र असतो. प्रेत पुरण्यास आपण जातो, तसे ह्या वेळीही तिच्या घरी जावे. कागद मोठ्याने वाचून दाखवावा. सातबाऱ्यावर वारसांची नोंद करताना आई व मुली यांची नावे गळू देऊ नयेत. ज्यास मृत्युपत्र करावयाचे आहे, त्याने दोन साक्षीदार घ्यावे. परंतु ज्यास मिळकत द्यावयाची, त्यास अथवा त्याच्या पत्नीस साक्षीदार करू नये, नाहीतर ते देणे व्यर्थ होते.

विधवांचा समाचार घेणे हा शुद्ध धर्म होय, असे याकोब शिकवितो. समाचार म्हणजे केवळ प्रार्थना नव्हे.

प्रश्न : 1. सलाफहादाच्या कन्या कोणाकडे गेल्या? 2. आपल्या मंडळीतील कोणत्या विधवेचे नाव सातबाऱ्यावर नाही? 3. तिच्याकडे ह्या आठवड्यात कोण जाईल?