आपल्या नावाखाली आपलेच शब्द

द्वितीय वर्षाला असताना कॉलेजच्या वार्षिकांकाला मी एक कथा दिली. आईबापांबरोबर ऊसतोडीला जाणाऱ्या, त्यापायी शाळा सुटलेल्या मुलीची. ट्रॅक्टर निघतो, दप्तर घरातल्या खुंटीलाच राहतं, तिथं कथा संपत होती. अंक आला तेव्हा तो शेवट गाळलेला होता. त्याजागी वाक्य होतं, ‘जिद्द असेल तर परिस्थिती आड येत नाही.’

वर्गातल्या एका मैत्रिणीचे आईवडील दरवर्षी दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन कारखान्याच्या भागात जात. तिनं अंक वाचला आणि विचारलं, “तुला खरंच असं वाटतं?” मला तसं मुळीच वाटत नव्हतं. पण कथेवर नाव माझं होतं, आणि छापून गेलेलं वाक्य परत घेता येत नाही.

म्हणून वार्षिकांकाला लिहिणाऱ्या प्रत्येकाला सांगावंसं वाटतं, लेखन जरूर द्या. अनेकांना पहिला अनोळखी वाचक इथंच भेटतो. मात्र तुमच्या नावाखाली जे छापलं जाईल, त्यातला शब्द न् शब्द तुमचा असेल याची काळजी तुम्हीच घ्या.

सूचना फलकावर आवाहन लागलं की विभागाच्या संपादकांना आधीच विचारा, शब्दमर्यादा किती, शेवटची तारीख कोणती, प्रूफ कधी दाखवणार. हस्तलिखित देत असाल तर झेरॉक्स जवळ ठेवा. फाइल दिलीत तर सोबत पीडीएफही द्या. युनिकोडमधला मजकूर छापखान्याच्या जुन्या फाँटमध्ये नेताना जोडाक्षरं फुटतात, रफार सरकतो. ‘दुसऱ्या’सारखे शब्द तर हमखास बिघडतात. कवितेच्या ओळी कुठं तुटतात, कडव्यांमध्ये जागा कुठं हवी, हे त्या पीडीएफवरून ताडून पाहता येतं. प्रत्येक पानावर नाव, वर्ग आणि फोन नंबर लिहा.

लेखनासोबत दोन ओळींचं पत्र जोडा: ‘शुद्धलेखनाच्या दुरुस्त्या जरूर कराव्यात. मजकुरात बदल करायचा असल्यास आधी मला दाखवावा.’ असं लिहिण्यात उद्धटपणा नाही. ‘सत्यकथा’ मासिकाचे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन लेखकांना सविस्तर पत्रं पाठवून बदल सुचवत, आणि लेखक स्वतः पुनर्लेखन करत. मराठी कथेला त्या पत्रव्यवहारानं बळ दिलं. संपादकानं खूण करावी, लेखणी लेखकानं चालवावी, ही रीत कॉलेजच्या अंकातही पाळता येते. सरांनी किंवा मॅडमनी काही सुचवलं तर मनापासून ऐका. पटलं तर पुन्हा लिहा, नाही पटलं तर नम्रपणे तसं सांगा.

कायदाही तुमच्या बाजूनं आहे. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखन कागदावर उतरताच त्यावर तुमचा हक्क तयार होतो. नोंदणी सक्तीची नाही. अंकात छापलं म्हणून तो हक्क कॉलेजकडे जात नाही, त्यासाठी तुमच्या सहीचा लेखी करार लागतो. कलम ५७ प्रमाणे लेखक म्हणून आपलं नाव सांगण्याचा आणि आपल्या प्रतिष्ठेला बाधा येईल अशी मोडतोड थांबवण्याचा अधिकार लेखकाला आहे. एखादा फॉर्म पुढं आला तर सही करण्यापूर्वी पूर्ण वाचा.

हाच न्याय स्वतःलाही लावा. व्हॉट्सअॅपवर फिरणारी निनावी कविताही कुणाची तरी असते. ती आपल्या नावानं दिली तर माझ्या कथेचं जे झालं, त्याहून मोठा अन्याय तुमच्या हातून होतो.

प्रूफ आलं की शांतपणे, मूळ प्रत शेजारी ठेवून, शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. परीक्षा, गॅदरिंग, सबमिशन यांच्या गडबडीत तो अर्धा तास काढाच. तुम्ही ज्यांच्याविषयी लिहिलंत, ती माणसं उद्या तुमचा मजकूर वाचणार आहेत. त्यांनी जाब विचारला, तर तो तुमच्या स्वतःच्या वाक्याचा असावा.