रेघेशिवाय फूल

मुलांनो, फूल काढायचे म्हटले, की तुम्ही आधी पेन्सिलीने रेघ काढता आणि मग तिच्या आत रंग भरता. आज रेघ न काढता जलरंगांनी लाल जास्वंद रंगवू या.

प्रथम खरे फूल नीट पाहा. त्याला पाच पाकळ्या असतात. मधून एक लांब दांडी बाहेर येते. तिच्या टोकाकडे पिवळे ठिपके दिसतात.

आता जाड कागद घ्या. कुंचला स्वच्छ पाण्यात बुडवून पाकळ्यांची जागा ओली करा. दांडीची जागा कोरडी ठेवा. कागदावर पाण्याची चमक आहे तोवरच मध्यभागी लाल रंग टेकवा. तो आपोआप कडेपर्यंत पसरेल. आता थांबा! पुन्हा पुन्हा कुंचला फिरवला, तर रंग मळकट होतो.

जलरंग पारदर्शक असतो. त्यातून कागदाचा पांढरेपणा दिसतो. तोच फुलावरचा उजेड. म्हणून थोडा कागद कोरा सोडा. रंग वाळल्यावर फिका होतो, हेही लक्षात ठेवा.

चित्र पूर्ण वाळले, की दांडी फिक्या लाल रंगाने काढा व टोकाकडे पिवळे ठिपके द्या.

तुमची दोन फुले सारखी होणार नाहीत. झाडावरची तरी कुठे सारखी असतात? हात कधी चालवावा आणि कधी आवरावा, हे ज्याला कळले, त्याला जलरंग साधला.

शब्दार्थ : कुंचला – ब्रश, पारदर्शक – ज्यातून पलीकडचे दिसते असा, साधणे – जमणे.

स्वाध्याय
1. रंग मळकट का होतो?
2. पाठातील कोणते शब्द उर्दूतही आहेत? यादी करा.